कोटातली माया

लग्न मोडायची वेळ आली ती एका फुगवट्यावरून. आणि तीही कुठे, तर गिऱ्हाइकाच्या पाठीवर एक चुणी राहिली तर धाकट्या मास्तरांना जेवण गोड लागत नसे, त्या शिंप्यांच्या घरात!

काजूआत्याचं लग्न शनिवारी ठरलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नाच्या कोटांना काजं करत बसलेली ही बाई, म्हणून तर सगळं घर तिला काजू म्हणतं. पन्नाशी उलटल्यावर ती एका घड्याळजीच्या प्रेमात पडली, आणि त्याचं खापर सगळ्यांनी टाचणीच्या डोक्यावर फोडलं. कारण टाचणी कामावर डबा विसरली नसती, तर आत्या तो द्यायला न्यायाधीशबाईंच्या घरी गेली नसती, आणि बाईंच्या दिवाणखान्यात स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला चावी देणारे त्यांचे धाकटे भाऊ तिला दिसले नसते. ते स्टुलावरून उतरले, डब्याला वास छान येतोय म्हणाले, आणि झालं!

टाचणी म्हणजे धाकट्या मास्तरांची एकुलती एक लेक. लहानपणी काडीसारखी बारीक आणि जिभेनं टोचरी. आता खांदे भरले होते, जीभ तशीच होती. न्यायाधीशबाईंच्या संरक्षणाचं काम तिच्याकडे होतं. गणवेश नाही, साधे कपडे, आणि त्याखाली कमरेला परवान्याचं सरकारी पिस्तूल. बाईंपुढे एक मोठा खटला चालू होता आणि धमक्यांची पत्रं येत होती, त्यामुळे टाचणी बाईंच्या सावलीसारखी फिरायची. हे सगळं घराला ठाऊक होतं. दुकानात मात्र कुणी विचारलं, तर धाकटे मास्तर नजर कापडावर ठेवून सांगत, "कोर्टात असते. कागदपत्रांचं काम."

बुधवारी दुपारी टाचणी दुकानात आली ती बापानं लग्नासाठी शिवलेला नवा कोट घालूनच. राखाडी, एकरंगी, अंगाला असा चिकटलेला की जणू त्यातच जन्मली. मागोमाग तिचे साहेब, म्हणजे पथकप्रमुख आले. लग्नाच्या सह्या समोरच्या सभागृहात आणि जेवण दुकानावरच्या माडीत, तेव्हा त्यांना दोन्ही जागा पाहायच्या होत्या. साहेब दारातच उभे होते. तेवढ्यात कटिंगच्या टेबलावरून थोरल्या मास्तरांच्या हातचा खडू खाली घरंगळला. आजोबांचा खडू म्हणून टाचणी पटकन वाकली. उजव्या कमरेवर कोट ताणला गेला आणि पिस्तुलाची मूठ अशी उठून दिसली की बाहेर पायरीवर बसलेल्या भाजीवालीनंसुद्धा मान वळवली.

साहेब दार लावून आत आले. आवाज चढवला नाही त्यांनी, पण दुकानातली मशीनं आपोआप थांबली.

"बाई, हे काय? साध्या वेशातल्या माणसाचं हत्यार दिसलं की त्या वेशाचा उपयोग संपला. ज्यानं पाहायला नको तो आधी पाहतो."

"साहेब, कोट जरा..."

"कोटाचं मला सांगू नका. शनिवारी सकाळी मी येऊन बघेन. हे दिसता कामा नये. दिसलं, तर मी दोन्ही दारांत गणवेशातली माणसं उभी करणार, बंदुका घेऊन."

साहेब गेले. संध्याकाळी न्यायाधीशबाईंचा फोन आला. त्यांचा निकाल दोन वाक्यांत. माझ्या भावाच्या लग्नाची मी छावणी होऊ देणार नाही. बंदुका येणार असतील तर मी येणार नाही.

आणि त्यानंतर घड्याळजी स्वतः आले. हातात आत्यासाठी फुलं, चेहरा मात्र बंद पडलेला.

"काजू, आईच्या मागे मला ताईनं वाढवलंय. ती समोर नसताना माझ्यानं सही व्हायची नाही. आपण जरा पुढे ढकलू या का? खटला संपेपर्यंत?"

"कधी संपणार खटला?"

घड्याळजींनी फुलं टेबलावर ठेवली. "खटल्याला काटे नसतात गं," ते म्हणाले.

आत्या हसली. हसावंच लागलं. पण ते गेल्यावर ती आतल्या खोलीत काजाची सुई घेऊन बसली आणि तिला दोरा ओवता येईना. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या पोशाखाचं माप घेतलं गेलं होतं. गडद निळा पोशाख हँगरवर तयार होता. खटला वर्षभर चालला तर? दोन वर्षं चालला तर? माणसाचं मन घड्याळजीचं असलं तरी एवढं चालत राहील कशावरून? तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. तो घेऊन ती बाहेर आली आणि थेट टाचणीवर घसरली.

"पिशवीत ठेव ना ते मेलं! बायका पिशवीत काय काय ठेवतात!"

"आत्या, पिशवी मी खुर्चीवर टाकून केक आणायला गेले आणि एखाद्या पोरानं उघडली, तर? अंगावरच हवं ते. हातभर लांब गेलं की ते माझं राहत नाही."

"मग दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणावं."

"दुसरा माणूस पाहुण्यांत परका दिसेल. मी घरचीच आहे. म्हणून तर साहेब मला ठेवतायत."

"मग दिसतं कसं?" आत्या ओरडली. "रोज तर दिसत नाही!"

टाचणीनं एकदा बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, "रोज मी बाजारातलं तयार जाकीट घालते. एक माप मोठं."

बाजारातलं तयार! तिघं शिंपी आणि एक इस्त्रीवाली असलेल्या घरातली मुलगी! इस्त्रीवाली म्हणजे तिची आईच. तिनं इस्त्री उभी केली आणि कपाळावर हात मारला.

"तेच जाकीट घाल शनिवारी," आई हळूच म्हणाली.

"माझ्या बहिणीच्या लग्नात?" धाकटे मास्तर भडकले. "ते पोतं घालून? लोक काय म्हणतील, शिंप्याच्या पोरीला कपडा मिळाला नाही?"

"मग हा कोट सैल कर, दादा," आत्या म्हणाली. तिची आघाडी आता फिरली होती. मघाशी भाचीवर तुटून पडलेली बाई एका दमात तिच्या बाजूला येऊन उभी राहिली. "पोरगी म्हणत्येय ना, मोठा हवा. मग मोठा शिव."

"मी ढगळ कपडा शिवत नाही."

"एकदा!"

"एकदाही नाही. या दुकानातून ढगळ कपडा बाहेर गेलेला नाही. आणि मी म्हणतो, हे कमरेचं धूड हवंच कशाला? सुई-दोऱ्याचं घर आपलं. मी दुकानाच्या पाटीवर नावाला जागा सोडून ठेवली होती हिच्यासाठी..."

"बाबा, ते परत नको."

"नको तर नको! मी आपला शिंपी माणूस. मला काय कळतंय?"

असं म्हणून ते पाठ फिरवून बसले. आता खरं सांगायचं तर धाकट्या मास्तरांना राग नव्हता, भीती होती. लेक रात्री घरी येऊन दाराची कडी वाजेपर्यंत त्यांना झोप लागायची नाही. पण भीती वाटते असं म्हणण्यापेक्षा राग आलाय म्हणणं त्यांना सोपं जायचं, आणि इतकी वर्षं त्यांनी तेच केलं होतं.

तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेले थोरले मास्तर उठले. ऐंशी उलटलेले. घरातसुद्धा एक नात सोडली तर त्यांना सगळे मास्तरच म्हणत, अगदी त्यांची मुलगीही. त्यांनी गळ्यातला टेप काढला.

"टाचणे, इकडे ये. त्या तुझ्या पाहुण्याचं वजन किती?"

"कुणाच्या?"

"कमरेला येऊन राहिलाय त्याच्या."

टाचणीला हसू फुटलं. "तुमच्या मोठ्या कात्रीएवढं, आजोबा."

"बसतो कुठे?"

"उजवीकडे, कमरेच्या हाडाच्या जरा मागे. पट्ट्याला म्यान असतं."

"पट्टा दाखव. हा? हा पट्टा आहे की नाडी? जाड पट्टा घे, रुंद. पाहुणा लोंबला की कपडा ओरडून सांगतो. आणि पाहुण्याला काढून इथे ठेवू नकोस. मला त्याच्या मापाचा लाकडी ठोकळा आण. मी ठोकळ्यावर ट्रायल घेईन."

गुरुवारी सकाळी टाचणीनं सुताराकडून ठोकळा करून आणला, मूठ-बीठ सगळं तंतोतंत. आणि त्या दिवसापासून या घरात पिस्तुलाचं नाव पाहुणा पडलं ते पडलंच.

मास्तरांनी कपाटातून एक जुना तागा काढला, बारीक चौकड्यांचा, तपकिरी. "एकरंगी कापडावर सावली पडते. चौकड्यात डोळा हरवतो," ते म्हणाले. अस्तर गुळगुळीत निवडलं, म्हणजे मुठीला अडकून वर राहायला नको. पाठीची चीर बंद. खालच्या घेरात पडद्यात घालतात तसली शिशाची साखळी, म्हणजे वाऱ्यानं पल्ला उडणार नाही. उजव्या बाजूला घेर वाढवून त्यांनी खडू ओढला, तोच मागून आवाज आला.

"एकाच बाजूला वाढवलंत तर कोट तिरपा पडेल."

धाकटे मास्तर पाठ फिरवून बटणं निवडत होते. मान वळवली नव्हती.

"मग काय करू म्हणतोस?" मास्तरांनी भोळेपणानं विचारलं.

"दोन्हीकडे वाढवा. पाठीत विभागून घ्या. मी सांगत नाहीये, नुसतं बोलतोय."

"हं. नुसतं बोल."

दहा मिनिटांनी बाप-लेक टेबलाच्या दोन बाजूंना वाकून भांडत होते, आणि आत्या नि आई इस्त्रीच्या आडोशानं एकमेकींना कोपर मारत होत्या. मास्तरांनी कापताना नेहमीप्रमाणे शिवणीत भरपूर माया सोडली, चांगली दोन बोटं. यावरून बाप-लेकांचं जुनंच वाजायचं. मास्तर म्हणायचे, माणूस वाढतो, आटतो, कपड्याच्या आत माया हवी. धाकटे म्हणायचे, आत एवढं कापड ठेवलं की शिवण जाड होते. ते माया कापून आतली बाजूसुद्धा आरशासारखी करत. गिऱ्हाइकाला कपडा उलटा करून दाखवायची त्यांना हौस.

दुपारी ट्रायल. टाचणीनं ठोकळा कमरेला लावला, कच्च्या शिलाईचा कोट चढवला आणि सगळ्यांना चालायला शिकवलं. हो, सगळ्यांना! आत्याला बघायचं होतं की कसं जमतं.

"हात तिकडे न्यायचा नाही. सारखं चाचपलं की बघणाऱ्याला कळतं. वाकायचं ते कमरेतून नाही, गुडघ्यातून. अशी बसते मी."

आत्या ठोकळा लावून गुडघ्यातून बसली आणि उठताना शिलाईमशीन धरून उठली. आईनं दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, हे म्हणजे पोटुशी असताना चालायचे तसंच आहे. मास्तरांनी चालून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी धाकटे मास्तर उठले. "द्या इकडे, एकदा बघू तरी." ते गुडघ्यातून वाकले, गुडघा कटकन वाजला, आणि टाचणी इतकी हसली की भिंतीला टेकून खाली बसली. लेक दुकानात हसतेय हे धाकट्या मास्तरांनी कित्येक दिवसांनी ऐकलं. ते तसेच वाकलेले राहिले थोडा वेळ. उठता येत नव्हतं हेही एक कारण होतंच.

कोट शुक्रवारी सकाळी तयार झाला. ठोकळ्यासकट घालून पाहिला. वाकून, बसून, वळून. काही म्हणजे काही दिसलं नाही. टाचणी कामावर गेली, मास्तर वामकुक्षीला गेले, कोट हँगरवर राहिला.

आणि इथेच या घरानं ती चूक केली जी दुसऱ्या कुठल्याही घरानं केली नसती.

आईनं कोट इस्त्रीला घेतला. डावा घेर हातात आला आणि तिचा जीव कसानुसा झाला. एवढं कापड? पाहुणा तर उजवीकडे. डावीकडून अर्धं बोट घेतलं तर काय होणार आहे? तिनं टीप मारली, ठोकळा लावून हँगरवरच बघितलं. ठीक होतं. कुणाला सांगायची गरज वाटली नाही.

दुपारी आत्या काजं करायला बसली. कोटाची पाठ पन्हाळ पडल्यासारखी दिसत होती. लग्न आपलं, फोटोत शेजारी भाची उभी राहणार, आणि पाठ अशी? अर्ध्या बोटानं काय होतंय? तिनं पाठीची शिवण आत घेतली, ठोकळा लावून पाहिलं. ठीक होतं.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी धाकटे मास्तर कोटासमोर उभे राहिले. त्यांनी स्वतःला बजावलं की हात लावायचा नाही. कानाला खडा लावला. मग म्हणाले, फक्त उजवी कमर. पाहुण्याच्या पुढच्या बाजूला अर्धं बोट. लेकीची कमर बारीक आहे, ती अजिबातच दिसू नये हे काही बरोबर नाही. त्यांनी टीप मारली. सवयीनं कात्री उचलली, आत उरलेली माया कापायला. मग दुकानातला दिवा घालवून ते घरात गेले.

शनिवारी सकाळी टाचणीनं खोलीचं दार लावून खरा पाहुणा कमरेला लावला, कोट चढवला, बाहेर येऊन आरशासमोर उभी राहिली आणि मटकन खुर्चीत बसली. बसल्यावर तर आणखीच दिसलं. मूठ, म्यान, म्यानाची कडा, सगळं. बुधवारपेक्षा वाईट.

"आई!"

सगळे धावत आले. आत्या निळ्या पोशाखात, केसांत अर्ध्या पिना. तिनं कोटाकडे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"काल तर बसत होता!" टाचणी म्हणाली. "आजोबा, एका रात्रीत मी जाड झाले का?"

मास्तर चष्मा लावून जवळ आले. कोट काढून घेतला, उलटा केला, शिवणींवरून बोट फिरवलं. डावीकडे थांबले. पाठीवर थांबले. उजवीकडे थांबले. मग चष्म्यावरून एकेकाकडे पाहिलं.

"ही टीप कुणाची?"

"अर्धंच बोट," आई म्हणाली.

"तू पण?" आत्या किंचाळली. "वहिनी, मी पण अर्धंच बोट!"

दोघींनी धाकट्या मास्तरांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

"बाबा!"

"अर्धं," ते म्हणाले. "फक्त पुढनं."

"शाबास!" मास्तर खाली बसले. "अहो, तुम्ही माणसं आहात का कोण? घरात शिंपी कमी असते तर बरं झालं असतं."

आत्या दाराकडे पाहू लागली. साहेब कुठल्याही क्षणी येणार. मग दारात बंदुका. मग बाई येणार नाहीत, मग सही नाही. आणि हे सगळं आपल्याच हातच्या टाक्यानं! तिनं पोशाखाची बाही डोळ्यांना लावली.

"उसवा," टाचणी म्हणाली. "उसवा ना! परत सोडा."

"सोडू. पण सोडायला आत काही असायला हवं." मास्तरांचा आवाज उतरला. "सूनबाई, डावीकडची माया कापलीस?"

"नाही हो."

"काजू, पाठीची?"

तिनं मान हलवली. नाही.

आता उरली उजवी कमर. खरी गरज तिथेच होती, आणि तिथली टीप होती धाकट्या मास्तरांची. या माणसानं आयुष्यात शिवणीत माया ठेवलेली कुणी पाहिली नव्हती. मास्तरांनी अस्तराखाली बोट घालायचं धाडस केलं नाही. विचारायचंही केलं नाही. टाचणीनं विचारलं.

"कापलीत, बाबा?"

धाकटे मास्तर लेकीकडे न बघता म्हणाले, "कात्री घेतली होती हातात."

"आणि?"

"आणि काय? दुसऱ्या कुणाचा असता तर कापली असती. तुझ्या कोटाची नाही कापवली."

मग मास्तरांनी अस्तर बाजूला सारलं. होती. दोनही बोटं, जशीच्या तशी. आत्यानं भावाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तोच हात त्याच्या गळ्यात टाकला. टाचणीनं बापाच्या हातात उसवणी दिली, आणि देताना त्याचं बोट जरा वेळ धरून ठेवलं.

"रडायला वेळ आहे का इथे?" धाकटे मास्तर ओरडले. "अगं, इस्त्री लाव! काजू, तू पाठ घे, नाही, तू लग्नाची, तू दार सांभाळ!"

दारात साहेब उभेच होते. बाकीचे कोट घेऊन आतल्या खोलीत पळाले.

आत्यानं त्यांना असं हसून आत घेतलं की ते गोंधळलेच. "या, या साहेब! बसा. नको, बसू नका, उभेच राहा. असा चांगला बांधा, आणि हा कोट? मी जरा माप घेते. जुजबी. लग्नाच्या दिवशी नाही म्हणायचं नसतं मला."

"अहो, मी कामावर..."

"हात वर करा."

नवरी मुलगी टेप घेऊन समोर उभी असताना करणार काय माणूस? साहेबांनी हात वर केले. आत्यानं छाती मापली, खांदे मापले, पुन्हा छाती मापली. आतून मशीनचा आवाज येत होता, मग इस्त्रीचा. कमरेशी आल्यावर आत्या थांबली. डाव्या बाजूला तिनं टेपानं हळूच टकटक केलं.

"साहेब, तुमचा पाहुणा दिसतोय."

"काय?"

"हा. वाकलात की लांबनंसुद्धा दिसेल. कापड एकरंगी घेतलंत ना, म्हणून. आणि पट्टा बघा, नाडी झालीये."

साहेबांचे कान लाल झाले. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि टाचणी बाहेर आली. चौकड्यांचा तपकिरी कोट, मोकळा, घेराला वजन असलेला. ती साहेबांसमोर उभी राहिली, वळली, हात वर केले. थोरल्या मास्तरांनी टेबलावरचा खडू मुद्दामच खाली टाकला. टाचणी गुडघ्यातून बसली, खडू उचलला, उठली.

साहेब एकदा तिच्याभोवती फिरले. पुन्हा एकदा फिरले.

"बाई, हत्यार घरी विसरलात का?"

"नाही साहेब."

"नक्की?"

"नक्की."

साहेबांनी मान डोलावली, दारापर्यंत गेले आणि तिथून न वळता म्हणाले, "ते माझं माप घेतलंत ना मघाशी, ते राहू द्या. पुढच्या आठवड्यात येतो."

दार लागलं आणि आत जो कल्ला झाला तो समोरच्या सभागृहात ऐकू गेला म्हणतात.

मग काय! न्यायाधीशबाई आल्या, पांढऱ्या केसांत एक फूल खोवून, आणि दोन्ही दारांत बंदुका नाहीत हे बघून त्यांनी आधी टाचणीचा हात दाबला. दरवाजावर घड्याळजींचा चुलत भाऊ सगळ्यांना विचारत होता, पाहुणे सगळे आले का? तर आई पटकन म्हणून गेली, हो, पण दिसायचे नाहीत. त्यावर टाचणीला ठसका लागला. घड्याळजींनी सही केली, पेन आत्याला दिलं, आणि बुधवारी सुईत दोरा ओवता न आलेल्या त्या हातात ते नीट बसलं. तिनं काज घालतात तशी नेटकी, घट्ट सही केली. बाईंनी भावाला मिठी मारली, मग आत्याला, आणि आत्याच्या कानात म्हणाल्या, "तो पहाटे उठून घड्याळं लावतो. तुम्ही झोपून राहा." आत्या हसता हसता रडली, आणि या वेळी तिला त्याचा राग आला नाही.

सगळे माडीच्या पायऱ्यांवर फोटोसाठी उभे राहिले. मधे नवरा-नवरी, एका बाजूला बाई, त्यांच्या मागे अर्धं पाऊल टाचणी, शेजारी तिचे आई-बाप, खुर्चीवर मास्तर. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातून पाहिलं आणि मान वाकडी केली.

"त्या मागच्या ताई. कोट जरा ढगळ वाटतोय. थांबा, मी मागून चिमटा लावतो, म्हणजे अंगाबरोबर बसेल."

तो चिमटा घेऊन दोन पायऱ्या चढलासुद्धा.

"हात लावू नका!" चार आवाज एकदम उठले, आणि सगळ्यांत मोठा होता धाकट्या मास्तरांचा.

बिचारा जागच्या जागी थिजला. "नाही, मी म्हटलं, फोटोत ढगळ दिसेल..."

"ढगळ म्हणाला!" मास्तर खुर्चीतून टाळी वाजवत म्हणाले. "ऐकलंस का रे? आपल्या दुकानाचा कपडा, ढगळ म्हणाला!"

आत्या पोट धरून हसत होती. शेजारच्या एका पाहुण्याला काही कळेना. त्यानं धाकट्या मास्तरांना विचारलं, ही मुलगी कोण? कोर्टात कागदपत्रं बघते ती का?

धाकट्या मास्तरांनी कॉलर सारखी केली. "माझी मुलगी आहे," ते म्हणाले. "बाईंना सांभाळते. आणि कोट ढगळच आहे. मी शिवलाय."